नकाशावरून परिमाणे काढताना: एका गाळ्याचा हिशेब, पहिल्या क्लिकपासून दरापर्यंत

अंदाजपत्रक म्हणजे परिमाण गुणिले दर. दर दरसूचीत छापलेला मिळतो किंवा दोन फोन करून कळतो. परिमाण मात्र नकाशावरूनच काढावे लागते आणि कामातला बराचसा घोळ तिथेच होतो. पूर्वी स्केलपट्टी, पेन्सिल आणि कॅल्क्युलेटर घेऊन हे काम चाले. आता स्क्रीनवर चार कोपरे क्लिक केले की क्षेत्रफळ समोर येते. वेळ वाचतो हे खरेच. पण ते क्षेत्रफळ कोणत्या बाबीचे, त्यातून वजावट किती, ते मध्यरेषेवरून घेतले की बाहेरच्या कडेवरून, हे प्रोग्रॅमला ठाऊक नसते. ते ठरवायला मोजमापाचे नियम यावे लागतात. म्हणून इथे बटणांची माहिती थोडी आहे आणि नियमांची जास्त.

कोणते सॉफ्टवेअर घ्यावे

हातात पीडीएफ नकाशे असतील तर ब्लूबीम रेव्हू किंवा प्लॅनस्विफ्टसारखा पीडीएफवर मोजणारा प्रोग्रॅम पुरतो. आर्किटेक्टकडून कॅड फाइल मिळत असेल तर ऑटोकॅडमध्येच मोजा, ते जास्त अचूक असते. रेव्हिटचे त्रिमितीय मॉडेल असेल तर परिमाणांचे तक्ते त्यातूनच निघतात, पण मॉडेल करणाऱ्याने भिंत स्लॅबच्या खालपर्यंत घेतली आहे की वरपर्यंत, हे पाहिल्याशिवाय ते आकडे उचलू नका. या सगळ्यांसोबत एक्सेल किंवा फुकट मिळणारे लिब्रेऑफिस कॅल्क लागेलच. पहिलेच काम असेल तर नवा महागडा प्रोग्रॅम विकत घेऊ नका. बहुतेकांची चाचणी आवृत्ती मिळते, तीत एक छोटे काम पूर्ण करून बघा.

पायरी १: स्केल बसवणे

ही पायरी चुकली की पुढचे सगळे आकडे एकाच प्रमाणात चुकतात. सगळेच सारखे चुकल्यामुळे संशयही येत नाही.

नकाशाच्या कोपऱ्यात १:१०० लिहिलेले असते. त्यावर विसंबून प्रोग्रॅममध्ये १:१०० निवडू नका. तो स्केल मूळ कागदाच्या आकाराला लागू असतो. ए१ आकाराचा नकाशा ए३ वर छापून किंवा ए३ ची पीडीएफ करून पाठवला असेल तर लांब्या बरोबर निम्म्या होतात आणि १:१०० चा १:२०० होतो. अशा पीडीएफवर १:१०० धरून मोजले तर लांबी निम्मी येईल, क्षेत्रफळ चौथा हिस्सा. इतकी मोठी चूक निदान डोळ्यांत भरते. खरी भीती लहान चुकीची असते. छापताना 'पानात बसवा' हा पर्याय चालू राहिला आणि नकाशा दोन टक्क्यांनी आक्रसला, तर क्षेत्रफळ चार टक्क्यांनी कमी भरते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणून कॅलिब्रेट करा. नकाशावर आकडा लिहिलेले एक मोठे माप शोधा, त्याच्या दोन्ही टोकांवर क्लिक करा आणि खरी लांबी भरा. माप मोठेच हवे. १:१०० मध्ये २३० मिलिमीटरची भिंत कागदावर जेमतेम २.३ मिलिमीटरची असते. क्लिक अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाले तर चूक २२ टक्क्यांची. तेच १२ मीटरच्या ग्रिडवर (कॉलमच्या आखणीरेषांमधल्या अंतरावर) कॅलिब्रेट केले तर कागदावर १२० मिलिमीटर मिळतात आणि त्याच अर्ध्या मिलिमीटरची चूक अर्ध्या टक्क्याच्याही आत येते. क्लिक करण्याआधी झूम इतका वाढवा की मापाच्या टोकावरची तिरकी खूण ठसठशीत दिसेल.

एवढ्यावर थांबू नका. आडव्या दिशेचे एक आणि उभ्या दिशेचे एक, अशी आणखी दोन मापे मोजून लिहिलेल्या आकड्यांशी ताडा. स्कॅन केलेला नकाशा एकाच दिशेने ताणला गेलेला असू शकतो. काही प्रोग्रॅममध्ये आडवा आणि उभा स्केल वेगळा देता येतो. ती सोय नसेल तर अशा नकाशावर लांब्या क्लिक करून घेऊच नका, लिहिलेली मापे शीटमध्ये टाइप करा.

एका पानावर प्लॅन १:१०० चा आणि बाजूचा सेक्शन (उभा छेद) १:५० चा, हे नेहमीचेच. ब्लूबीममध्ये अशा वेळी प्रत्येक भागाभोवती वेगळा व्ह्यूपोर्ट आखून त्याला स्वतःचा स्केल देता येतो. विसरलात तर सेक्शनवरून घेतलेली जोत्याची उंची दुप्पट येईल.

आणि एक जुना नियम: लिहिलेले माप आणि मोजलेले माप जुळत नसेल तर लिहिलेले माप खरे. फरक मोठा असेल तर आर्किटेक्टला विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

कॅड फाइल असेल तर

तिथे स्केलचा प्रश्न नसतो, पण दुसरे चार असतात.

पहिला एककाचा. 'डिस्ट' आज्ञेने दाराची रुंदी मोजा. ९०० आले तर फाइल मिलिमीटरमध्ये आहे, ०.९ आले तर मीटरमध्ये, ३५.४३ आले तर इंचात. मिलिमीटरच्या फाइलमध्ये क्षेत्रफळ १७१६१६०० असे काहीतरी येते. त्याला दहा लाखांनी भागले की १७.१६ चौरस मीटर मिळतात. शून्ये मोजताना घोळ नको म्हणून भागाकार शीटमध्येच करा.

दुसरा, मापाचा आकडा हाताने बदललेला असणे. भिंत हलवण्याचा कंटाळा येतो आणि ड्राफ्ट्समन नुसता आकडा बदलून मोकळा होतो. डायमेन्शन निवडून प्रॉपर्टीज उघडा. 'टेक्स्ट ओव्हरराइड'समोर काही लिहिलेले असेल तर ते माप चित्राशी जुळत नाही असे समजा आणि वरच्याच 'मेजरमेंट'च्या ओळीतला आकडा पाहा; फरक दिसला तर आधीचाच नियम, लिहिलेले माप खरे धरून आर्किटेक्टला विचारा.

तिसरा, एकावर एक पडलेल्या रेघा. प्रत केलेली भिंत मूळ भिंतीवरच पेस्ट झाली की लांबी दोनदा मोजली जाते आणि पडद्यावर काहीच दिसत नाही. फाइलची प्रत करून तिच्यावर 'ओव्हरकिल' ही दुहेरी रेघा काढून टाकणारी आज्ञा चालवा. मूळ फाइलला हात लावू नका.

चौथा, तोंड उघडे राहिलेल्या आकृत्या. 'बाउंड्री' आज्ञा खोलीच्या आत क्लिक केल्यावर बंद पॉलिलाइन (सलग जोडलेल्या रेघांची आकृती) करून देते, पण दारापाशी फट असेल तर ती एकतर नकार देते किंवा शेजारची खोलीही पोटात घेते. दाराच्या जागी तात्पुरती रेघ मारून फट बुजवा. मोजण्यासाठी काढलेल्या सगळ्या पॉलिलाइन स्वतःच्या वेगळ्या लेयरवर ठेवा: वीटकामाचा एक, लादीचा एक, गिलाव्याचा एक. पुढे रिव्हिजन (सुधारित नकाशा) येते तेव्हा हेच लेयर वाचवतात.

मोजण्याआधी यादी

नकाशा उघडला की लगेच क्लिक करत सुटायचा मोह होतो. आधी बाबींची यादी करा, तीही काम ज्या क्रमाने होते त्या क्रमाने: खोदाई, सोलिंग (दगडांचा थर), पीसीसी (सळईशिवायचे साधे काँक्रीट), पायाचे बांधकाम, जोत्यातला भराव, वीटकाम, लिंटेल (दारा-खिडक्यांच्या माथ्यावरची आडवी काँक्रीट पट्टी), स्लॅब, सळई, गिलावा, लादी, दारे-खिडक्या, रंग. प्रत्येकीसमोर एकक लिहा. अर्ध्या विटेची भिंत चौरस मीटरमध्ये मोजतात, एका विटेची किंवा जाडीची घनमीटरमध्ये. हे आधी लिहिले नाही तर ती मोजल्यावर परत मोजावी लागते.

सरकारी कामात मोजमापाची पद्धत आयएस १२०० या मानकाच्या निरनिराळ्या भागांत दिलेली आहे: भाग १ मातीकामाचा, २ काँक्रीटचा, ३ वीटकामाचा, ५ शटरिंगचा (काँक्रीट ओतायच्या साच्याचा), १२ गिलाव्याचा. निविदेत वेगळे काही लिहिले असेल तर ते आधी पाळायचे. खासगी कामात करारात लिहिले असेल तेच चालते. कित्येक मजूर ठेकेदार गिलाव्याची वजावटच देत नाहीत, काही जण स्लॅबच्या चौरस फुटावर दर घेतात. त्यामुळे 'वजावटीचा नियम कोणता' हा प्रश्न मोजण्याआधी विचारायचा असतो.

पायरी २: भिंती मोजणे

समोर एक साधा गाळा घेऊ. आतून ३.०० × ४.५० मीटर, भिंती २३० मिलिमीटरच्या, जोत्यापासून स्लॅबच्या तळापर्यंत उंची ३.०० मीटर. पुढे रोलिंग शटर २.४० × २.१०, मागे दार ०.९० × २.१०, एक खिडकी १.२० × १.२० आणि एक झरोका ०.६० × ०.६०. सगळ्यांचा माथा २.१० वर, त्यावर चारही भिंतींवरून फिरणारी १५० मिलिमीटरची लिंटेल पट्टी. कॉलम नाहीत, भार भिंतींवरच.

भिंतीची लांबी कुठून मोजायची? नवशिका बाहेरच्या कडेवर पॉलिलाइन फिरवतो, कारण ती कडा पटकन सापडते. बाहेरचा परिघ १६.८४ मीटर, आतला १५.००. दोन्ही चूक. बाहेरून घेतले तर चारही कोपरे दोनदा धरले जातात, आतून घेतले तर एकदाही नाहीत. मध्यरेषा घ्या: ३.२३ आणि ४.७३, दोन्ही दुप्पट, एकूण १५.९२ मीटर. बाहेरच्या परिघाने ०.९२ मीटर भिंत जास्त येते, म्हणजे चार वेळा भिंतीची जाडी. तीन मीटर उंचीला ते ०.६३ घनमीटर वीटकाम होते, एवढ्याशा गाळ्यात जवळजवळ सहा टक्के.

ऑटोकॅडमध्ये आतली पॉलिलाइन काढून 'ऑफसेट' ११५ दिले की मध्यरेषा तयार. ती एकदा मिळाली की खालपासून वरपर्यंत तीच वापरा. पायाची खोदाई ०.७५ रुंद आणि ०.९० खोल असेल तर १५.९२ × ०.७५ × ०.९०, म्हणजे १०.७५ घनमीटर. खालचा १५० मिलिमीटरचा पीसीसी १.७९. लांबी बदलली नाही, फक्त रुंदी आणि उंची बदलली.

मधे आडवी भिंत आली की ही सोय थोडी लंगडी पडते. आडव्या भिंतीची मध्यरेषा बाहेरच्या भिंतींच्या मध्यरेषांपर्यंत जाते, म्हणून प्रत्येक टी-सांध्याला त्या थराची अर्धी रुंदी वजा करावी लागते. आपल्या गाळ्यात अशी भिंत घातली तर तिची मध्यरेषा ३.२३. दोन सांधे, म्हणजे एक पूर्ण रुंदी वजा. वीटकामाला ३.२३ − ०.२३ = ३.००. खोदाईला मात्र ३.२३ − ०.७५ = २.४८. प्रत्येक थराला लांबी वेगळी. प्रोग्रॅमला एकदा लांबी दिली आणि सगळ्या थरांना तीच चिकटवली, ही चूक फार जणांकडून होते.

आता आडवी भिंत बाजूला ठेवू आणि चार भिंतींचे वीटकाम पूर्ण करू.

एकूण: १५.९२ × ०.२३ × ३.०० = १०.९८ घनमीटर.
उघडी जागा: शटर ५.०४, दार १.८९, खिडकी १.४४, झरोका ०.३६, मिळून ८.७३ चौरस मीटर. गुणिले ०.२३, वजा २.०१.
लिंटेल पट्टी: १५.९२ × ०.२३ × ०.१५, वजा ०.५५.
निव्वळ: ८.४३ घनमीटर. हे पूर्ण दशांश स्थळे धरून; वरचे गोल केलेले आकडे वजा केले तर ८.४२ येते.

वीटकामात ०.१ चौरस मीटरपर्यंतच्या भोकांची वजावट होत नाही. झरोका त्याहून मोठा आहे, म्हणून वजा केला. पाइपासाठी ठेवलेले भोक वजा करायचे नाही.

पायरी ३: गिलावा, आणि वजावटीचा तिढा

वीटकामात झरोका वजा होतो, गिलाव्यात होत नाही. कारण नियम वेगळा आहे. आयएस १२०० च्या बाराव्या भागाप्रमाणे:

०.५ चौरस मीटरपर्यंत उघडी जागा: वजावट नाही आणि आतल्या कडांचा गिलावाही मोजायचा नाही.
०.५ ते ३ चौरस मीटर: दोन्हींपैकी एकाच बाजूची वजावट. कडा मोजायच्या नाहीत, दुसऱ्या बाजूची न केलेली वजावट हाच त्यांचा मोबदला.
३ चौरस मीटरच्या वर: दोन्ही बाजूंची वजावट, पण कडांचा गिलावा मोजून मिळवायचा.

आत आणि बाहेर गिलावा वेगळा असेल, म्हणजे आत एक थर आणि बाहेर दोन थरांचा सँडफेस (खरबरीत पोताचा गिलावा), तर मधल्या गटाची वजावट चौकट ज्या बाजूला सरकलेली आहे आणि जिथे कड कमी उघडी दिसते त्या बाजूच्या गिलाव्यातून करतात. आपल्या गाळ्यात दाराची आणि खिडकीची चौकट आतल्या बाजूला धरू, शटरही आतून बसलेले.

आतला गिलावा: १५.०० × ३.०० = ४५.००. वजा दार आणि खिडकी ३.३३, वजा शटर ५.०४. उरले ३६.६३ चौरस मीटर.
बाहेरचा: १६.८४ × ३.०० = ५०.५२. वजा शटर ५.०४, अधिक शटरच्या तीन कडा: दोन उभ्या २.१० च्या आणि वरची २.४०, मिळून ६.६० × ०.२३ = १.५२. एकूण ४७.०० चौरस मीटर.

हेच काम प्रोग्रॅमच्या 'कटआउट' साधनावर सोडले तर तो सगळ्या उघड्या जागा दोन्ही बाजूंनी कापतो आणि कडा मोजत नाही. मग बाहेरचा गिलावा ४१.७९ येतो. ५.२१ चौरस मीटर कमी, म्हणजे अकरा टक्के. हा आकडा घेऊन ठेकेदाराने निविदा भरली तर भुर्दंड त्यालाच.

म्हणून भिंतीचे एकूण क्षेत्र कटआउट न करता मोजा. उघड्या जागा 'काउंट' साधनाने प्रकारानुसार नग म्हणून मोजा: शटर १, दार १, खिडकी १, झरोका १. वजावट शीटमध्ये, नियमाप्रमाणे, स्वतंत्र ओळीत दाखवा. त्याच नगांवरून दारे-खिडक्यांची बाबही भरता येते, दुसऱ्यांदा मोजायला नको.

पायरी ४: स्लॅब, बीम, कॉलम

गाळ्याचा स्लॅब बाहेरच्या कडेपर्यंत: ३.४६ × ४.९६ = १७.१६ चौरस मीटर. जाडी १२० मिलिमीटर, काँक्रीट २.०६ घनमीटर. आता शटरिंग. तेच १७.१६ उचलून शटरिंगच्या ओळीत टाकायचे नाही. काँक्रीटला प्रत्यक्ष टेकणारा पृष्ठभाग तेवढाच मोजतात आणि स्लॅबच्या कडेचा भाग भिंतीवर बसलेला आहे. तळ ३.०० × ४.५० = १३.५०, अधिक बाजूची कड १६.८४ × ०.१२ = २.०२. शटरिंग १५.५२. काँक्रीटला बाहेरची पॉलिलाइन, शटरिंगला आतली.

फ्रेम असलेल्या इमारतीत सांध्यावरचे काँक्रीट दोनदा धरले जाण्याचा धोका असतो. पद्धत ठरवून घ्या: स्लॅब पूर्ण क्षेत्राचा, बीम स्लॅबच्या तळापासून खाली आणि कॉलमच्या कडेपासून कडेपर्यंत, कॉलम स्लॅबच्या तळापर्यंत. २३० × ४५० चा बीम आणि १२५ चा स्लॅब असेल तर बीमची मोजायची उंची ३२५. नकाशावर ४५० लिहिलेले पाहून तेच भरले तर त्या बीमचे काँक्रीट ३८ टक्के जास्त येते. काँक्रीटमधून सळईचे घनफळ मात्र वजा करत नाहीत.

सळई

इथे क्लिक करण्याचे काम थोडेच, शीटचे जास्त. सळईचे वजन मीटरला किती किलो, हे व्यासाचा वर्ग भागिले १६२ या सूत्राने निघते: ८ मिलिमीटरला ०.३९५, १० ला ०.६१७, १२ ला ०.८८९, १६ ला १.५८.

स्लॅबची मुख्य सळई १० मिलिमीटर, दर १५० वर, आखूड बाजूने. कव्हर (सळईबाहेर राहणारे काँक्रीट) २० मिलिमीटर. लांब बाजूचे अंतर ४.९६ − ०.०४ = ४.९२. भागिले ०.१५ म्हणजे ३२.८. वर गोल करून ३३, अधिक १, एकूण ३४ नग. 'अधिक १' विसरणे ही नेहमीची चूक. लहान स्लॅबमध्ये ती जास्त जाणवते, कारण एकूण नगच कमी असतात. लांबी ३.४२, एकूण ११६.२८ मीटर, ७१.७ किलो. वाटणीची सळई (मुख्य सळईला काटकोनात) ८ मिलिमीटर, दर २०० वर: ३.४२ ला १९ नग, प्रत्येकी ४.९२, एकूण ३६.९ किलो. दोन्ही मिळून साधारण १०९ किलो, घनमीटरला ५३ किलो. वाकवलेल्या सळईची वाढीव लांबी, टोकांचे हूक आणि जोडाचा लॅप (दोन सळया एकमेकींवर चढवण्याची लांबी) हे या वजनावर वेगळे मिळवायचे. तुकड्यांची नासाडी आणि बांधायची तार मोजमापात येत नाही, ती दरात धरतात.

पायरी ५: शीट

स्तंभ जुनेच ठेवा, कारण तपासणारा इंजिनिअर तेच शोधतो: बाब क्रमांक, तपशील, नग, लांबी, रुंदी, उंची, परिमाण. डावीकडे दोन स्तंभ वाढवा, ड्रॉइंग क्रमांक रिव्हिजनसह आणि जागा. 'वीटकाम ८.४३' अशी एकच ओळ चालत नाही. 'पुढची भिंत', 'वजा शटर', 'वजा लिंटेल पट्टी' अशा ओळी हव्यात. वजावटीच्या ओळीत नग −१ लिहिला की बेरीज आपोआप बरोबर येते.

गुणाकारासाठी गुणिले चिन्ह वापरू नका, 'प्रॉडक्ट' फंक्शन वापरा. लादीच्या ओळीत उंचीची चौकट रिकामी असते. गुणिले चिन्ह रिकाम्या चौकटीला शून्य धरते आणि परिमाण शून्य होते. 'प्रॉडक्ट' रिकामी चौकट सोडून देते.

मोजणाऱ्या प्रोग्रॅममधून सीएसव्ही (आकड्यांची साधी मजकूर-फाइल) काढून शीटमध्ये आणली की दुसरी गंमत होते. काही आकड्यांना एकक चिकटून येते आणि शीट त्यांना मजकूर समजते. 'सम' फंक्शन मजकूर गुपचूप वगळते, चूक दाखवत नाही, बेरीज फक्त कमी येते. असा मजकूर चौकटीत डावीकडे सरकलेला दिसतो, खरा आकडा उजवीकडे. आयात झाल्याबरोबर स्तंभावरून एक नजर फिरवा. मापे भरताना लांब्या जवळच्या ०.०१ मीटरपर्यंत घ्या, स्लॅबची जाडी ०.००५ पर्यंत.

पायरी ६: दर लावणे

महाराष्ट्रात सरकारी कामाला सार्वजनिक बांधकाम विभागाची त्या वर्षीची दरसूची लागते. दर उचलण्याआधी बाबीचे पूर्ण वर्णन वाचा, नुसते पहिले वाक्य नाही. राज्याच्या दरसूचीत आरसीसीच्या (सळईच्या काँक्रीटच्या) बाबींमध्ये सेंट्रिंग, म्हणजे शटरिंग, बहुधा धरलेले असते आणि सळई वेगळी असते. केंद्रीय बांधकाम विभागाच्या दरसूचीत शटरिंगची बाब वेगळी. पहिल्या प्रकारात १५.५२ चौरस मीटर शटरिंग वेगळे लावले तर एकाच कामाचे पैसे दोनदा येतात आणि निविदेत तुमचा आकडा वर जातो. खोदाईत पहिली उचल १.५ मीटर खोलीपर्यंतची, त्याखालची वेगळ्या ओळीत. खोदलेली माती फुगते, पण मोजमाप खड्ड्याचेच होते, ट्रकमधल्या ढिगाचे नाही.

नासाडी परिमाणात मिसळू नका. लादीची निव्वळ चौरस मीटर एका स्तंभात, खरेदीसाठी पाच ते दहा टक्के वाढवलेली दुसऱ्या. बिल निव्वळवर होते.

खरेदीची यादी करताना एकके बदलतात. वाळू आणि खडी ब्रासने येते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. मात्र गिलाव्याच्या बोलण्यात 'एक ब्रास' म्हणजे १०० चौरस फूट, ते ९.२९ चौरस मीटर. गवंडी कोणता ब्रास म्हणतो आहे ते विचारून घ्या. गाळ्याच्या स्लॅबला एम २० प्रतीच्या काँक्रीटचे १:१.५:३ (सिमेंट, वाळू, खडी) मिश्रण धरले तर घनमीटरला सिमेंट साधारण ८ गोण्या, वाळू ०.४२ आणि खडी ०.८४ घनमीटर. २.०६ घनमीटरला १७ गोण्या, वाळू ब्रासाच्या तिसऱ्या हिश्श्याहून किंचित कमी आणि खडी ब्रासाच्या सहा दशांशांएवढी. स्ट्रक्चरल इंजिनिअरने डिझाइन मिक्स दिले असेल तर हा हिशेब बाजूला ठेवून त्यांचाच घ्यायचा.

तपासणी आणि रिव्हिजन

आकडे एकमेकांशी ताडून पाहिले की मोठ्या चुका लगेच सापडतात. छताचा गिलावा आणि लादीचे क्षेत्र जवळपास सारखे हवे, दोन्ही १३.५० च्या आसपास. आतला गिलावा वजावटीआधी उंचीने भागला की आतला परिघ यायला हवा: ४५ भागिले ३, १५. स्लॅबची सळई घनमीटरला ५३ च्या जागी ५.३ किंवा ५३० दिसली तर दशांश चिन्ह घसरले आहे. काँक्रीटच्या घनफळात एक टक्का सळई म्हणजे ७८.५ किलो, हे लक्षात ठेवले की अंदाज पटकन येतो.

सुधारित नकाशा आला की जुन्यावर नवा ठेवून तुलना करा. बहुतेक पीडीएफ प्रोग्रॅममध्ये दोन पाने वेगळ्या रंगांत एकमेकांवर ठेवता येतात. आर्किटेक्टने ढगाच्या आकाराची रेघ काढून दाखवलेलेच बदल पाहून थांबू नका, खूण न करता सरकवलेल्या खिडक्याही असतात. जुनी फाइल पुसू नका, नव्या नावाने जतन करा. बदललेल्या ओळीसमोर नवा रिव्हिजन क्रमांक लिहा.

शेवटी रंगवलेला नकाशा, म्हणजे ज्यावर तुमच्या सगळ्या पॉलिलाइन आणि नग दिसतात ती पीडीएफ, अंदाजपत्रकाला जोडा. सोबत एका पानावर धरलेल्या गोष्टी लिहा: खोदाई मुरमात धरली, जोत्याची उंची सेक्शनवरून घेतली, शटरच्या कडा बाहेरच्या गिलाव्यात धरल्या, गच्चीचे वॉटरप्रूफिंग धरलेले नाही. चार महिन्यांनी 'हे कुठून आणले' असे कोणी विचारले तर उत्तर त्याच पानावर सापडेल.